पहिला हात

हुकूम पंधरा फटक्यांचा होता. रौनानं एकवीस मोजले.

मुखियाच्या कचेरीपुढचं मैदान त्या दिवशी माणसांनी भरलेलं होतं, कारण बघायला यायचंच असाही हुकूम होता आणि न येणाऱ्याचं नाव दुसऱ्या दिवशी त्याच यादीत चढायचं. रौनाचा एकुलता एक मुलगा योसेफ वाळूत पालथा पडला होता. दोघांनी हात धरलेले, दोघांनी पाय. वय बावीस. गुन्हा काय, तर दक्षिणेतल्या खाणीतला करार अर्धवट टाकून, संप करून गावी आला आणि एका सभेत उभा राहून म्हणाला, की बोअरांनी आता आपापल्या घरी जावं. बोअर म्हणजे आमच्यावर राज्य करणारे गोरे, ते बसलेत तिकडे दूर प्रिटोरियात, त्यांना ऐकूही गेलं नसेल. पण बोअरांच्या पगारावर पोसलेल्या मुखियाचे कान फार तिखट.

फटके मारायला आमच्याकडे चाबूक लागत नाही. ताडाच्या पानाचा देठ पुरतो. पुरुषभर लांब, ओला असला की छान लवतो, आणि दोन्ही कडांना करवतीसारखे काळे काटे. चौथ्या फटक्याला कातडी फाटते, दहाव्यानंतर काटे आत तुटून राहतात. रौनाला हे नीट ठाऊक होतं. मिशनच्या दवाखान्यात ती वीस वर्षं परिचारिका होती आणि त्या एका वर्षात तिनं अशा तीसेक पाठी धुतल्या होत्या. बायकांच्यासुद्धा.

आणि देठ कोणाच्या हातात? गिदोनच्या! देवळात मंडळीच्या गायनात सगळ्यात खालचा सूर लावणारा गिदोन. रौनाबरोबर एकाच रविवारी दृढीकरण होऊन मंडळीचा पुरता सभासद झालेला गिदोन. योसेफच्या बाप्तिस्म्याला याच गिदोननं धर्मपिता म्हणून पोराला दोन्ही हातांवर घेतलं होतं आणि वेदीपुढे शब्द दिला होता, की या लेकराला मी सांभाळीन. पुढे तो मुखियाचा शिपाई झाला, खाकी कोट मिळाला, आणि त्या कोटाच्या कुठल्या खिशात तो शब्द गेला देव जाणे. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात ते काही उगाच नाही.

"चौदा," रौना ओठांतल्या ओठांत म्हणाली. "पंधरा."

गिदोननं हात खाली घेतला. मुखियाच्या खुर्चीशेजारी मुखियाचा मेहुणा फेस्टुस उभा होता. तो गालातल्या गालात हसला आणि काहीतरी बोलला. गिदोननं देठ पुन्हा उचलला. सोळा. सतरा. अठराव्याला योसेफचं ओरडणं थांबलं. एकवीस झाल्यावर गिदोननं देठ टाकला आणि कोणाकडेही न बघता कचेरीमागे निघून गेला.

दवाखान्यात रौनानं मुलाची पाठ स्वतः साफ केली. चिमट्यानं एकेक काटा काढायचा आणि पत्र्याच्या वाडग्यात टाकायचा. बरोबरच्या मुली म्हणाल्या, "तुम्ही राहू द्या, आम्ही करतो," तर ती त्यांच्यावर खेकसली.

"आई," योसेफ उशीत तोंड खुपसून म्हणाला, "मी सोळाला चुकलो. एकूण किती झाले?"

"एकवीस."

"बघ! आणि शाळेत गणितात कच्चा म्हणून मला बडवायचीस. लोकांना मोजता येत नाही त्याचं काय?"

"गप पड रे गाढवा."

त्यानं उशीतून तोंड बाहेर काढलं. मग म्हणाला, "गिदोन रडत होता गं. मला वाळूतून त्याचे पाय दिसत होते. पावलांवर थेंब पडत होते."

"घाम असेल," रौना म्हणाली.

तिसऱ्या दिवशी पाठ काळी पडायला लागली. चौथ्या दिवशी भर दुपारी, तापात खाणीतल्या मुकादमाशी भांडता भांडता, योसेफ गेला.

मातीला अख्खं गाव आलं. गिदोन आला नाही. त्याची बायको लोइदे मात्र डोक्यावर आंबिलीचं मोठं मडकं घेऊन आली. दुःखाच्या घरी रिकाम्या हातानं जायचं नसतं. रौनानं ते मडकं सगळ्यांदेखत वाळूत उलटं केलं. "तुझ्या नवऱ्याला पाज," ती म्हणाली. "हात दुखत असतील त्याचे." रिकामं मडकं उचलून लोइदे आल्या वाटेनं गेली.

उत्तरेकडच्या आमच्या लुथेरन मंडळीचं काम म्हणजे शाळा, दवाखाने, छापखाना, आणि करारावर गेलेल्या मजुरांची पत्रं घरोघर पोचवणं. त्या वर्षी त्यात एक काम वाढलं, ते म्हणजे कोर्टात जाणं. मंडळीच्या मुख्य कचेरीनं वकील उभा केला होता. हे फटके कायद्यात बसत नाहीत, ते थांबवा, एवढंच मागणं. पण कोर्टाला शपथेवरचे जबाब हवेत. नतनएल पाळकांनी, आमच्या देवळाच्या धर्मगुरूंनी, वेदीपुढे पत्र वाचून दाखवलं, की ज्यांनी मार खाल्ला त्यांनी सोमवारी यावं, वकील येणार आहेत. सोमवारी वकील आले, झाडाखाली टेबल मांडून दिवसभर बसले आणि बाजरीची उकड नि सुकवलेली भाजी खाऊन परत गेले. एक माणूस फिरकला नाही. सगळे पाठीवर सदरा ओढून घरात बसले. त्यांना तरी काय नावं ठेवणार? वकील राजधानीला परत जाणार, मुखिया इथंच राहणार.

मग प्रभुभोजनाच्या, म्हणजे वेदीपाशी भाकर नि द्राक्षरस घेण्याच्या रविवाराआधीचा शुक्रवार आला. ज्याला भोजन घ्यायचंय त्यानं त्या शुक्रवारी येऊन नाव सांगायचं, ही फिनलंडच्या मिशनऱ्यांनी लावलेली जुनी रीत. ते म्हातारे होऊन आपल्या बर्फात परत गेले, रीत इथंच राहिली. मंडळीतला एक जाणता माणूस टेबलाशी बसतो आणि दोन प्रश्न विचारतो. तुझं कोणाशी वाकडं आहे का? कोणाचं तुझ्याशी वाकडं आहे का? असेल तर आधी ते मिटवून ये. आणि पाप मोठं असेल तर शेवटचा बाक. मंडळीपुढे उभं राहून ते पाप मोकळ्या आवाजात सांगितल्याशिवाय पुढे यायचं नाही. सांगितलं, की ज्याचं वाईट झालं त्यानं आधी दोन शब्द बोलायचे, 'ऐकलं' आणि 'माफ केलं'. पहिला हात त्यानं द्यायचा आणि त्या माणसाला हात धरून बाहेर मारुलाच्या झाडाखाली न्यायचं. तिथं बाकीची मंडळी हात मिळवते. त्या वर्षी टेबलाशी रौना होती. पाळक म्हणाले होते, या खेपेला दुसरं कोणी बसेल. ती म्हणाली होती, मी काय मेले नाही.

गिदोन रांगेत शेवटी आला. अंगात खाकी कोट नव्हता.

"नाव?" रौनानं विचारलं.

"मेमे रौना, माझं नाव तुला..." दोघं एकाच वयाचे, पण रौना मंडळीतली जाणती, तिला सगळेच मेमे, म्हणजे आई म्हणायचे.

"नाव सांग."

"गिदोन."

"तुझं कोणाशी वाकडं आहे?"

"नाही."

"कोणाचं तुझ्याशी?"

"त्याच्यासाठीच आलोय. घास उतरत नाही, मेमे. झोप येत नाही."

"माझा योसेफ मात्र गाढ झोपलाय."

नतनएल पाळक लगबगीनं पुढे आले. "रौना, याला आतल्या खोलीत घेतो. मी एकटा ऐकतो. आपल्या नियमात तेही बसतं."

"चार भिंतींत मारलं का यानं? मैदानात मारलं. उघड्यावर सांगू दे. एकेकाचं नाव, एकेकाचे फटके, आणि हुकूम कोणाचा तेही."

"अगं, फेस्टुस दर रविवारी तिसऱ्या बाकावर बसतो! हा माणूस घरी पोचेल का?"

"ते तुमच्या देवाला विचारा. मी नियम सांगतेय."

नियम म्हणे! काट्यानं काटा काढायचा होता तिला. फेस्टुस ऐकेल, फेस्टुस पेटेल, आणि आपल्याला बोटही उचलावं लागणार नाही, हा हिशेब तिच्या डोक्यात स्वच्छ मांडलेला होता. रीतीचा पहिला भागच तेवढा तिला त्या दिवशी आठवत होता. पुढच्या भागावर रागानं पडदा टाकला होता.

"सांगेन," गिदोन म्हणाला.

"या रविवारी?"

"या रविवारी. फक्त लोइदेला आधी कळू देऊ नकोस. ती मला घरातून निघू देणार नाही."

रौनानं त्याचं नाव वळणदार अक्षरात लिहिलं.

रविवारी देवळात पाय ठेवायला जागा नव्हती. बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे, तिसऱ्या बाकावर फेस्टुस, बूट चकचकीत. उपदेश झाल्यावर गिदोन शेवटच्या बाकावरून उठला आणि मधल्या वाटेनं पुढे आला. गाताना देऊळ भरून टाकणारा त्याचा आवाज आज जेमतेम पाचव्या बाकापर्यंत पोचत होता.

"मोठ्यानं," रौना म्हणाली.

त्यानं घसा खाकरला. "फिलिपुस, दहा फटके. हुकूम मुखियाचा. मातेउस, बारा. हुकूम मुखियाचा. म्हातारी हिल्यामेमे, आठ. तिनं नातवाला बाजरीच्या कणगीत लपवलं होतं."

एकेक नाव पडायला लागलं. ज्याचं नाव येई तो मान खाली घाली, शेजारचा त्याच्याकडे बघे. बाकांवर कोणी हुंदका दिला, कोणी शिवी दिली. विसाव्या नावाला फेस्टुस उठला आणि बूट वाजवत बाहेर गेला. गिदोननं ते पाहिलं. क्षणभर थांबला. रौनाला वाटलं, आता हा गळपटतो. पण तो पुढे बोलतच राहिला. चाळीस नावं झाली.

"योसेफ," तो म्हणाला. "एकवीस. हुकूम पंधराचा होता. फेस्टुस म्हणाला, 'धर्मपिता ना तू, म्हणून हात मऊ पडतोय.' मऊ नाही हे दाखवायला मी सहा वर मारले. ते सहा कोणाच्या हुकमाचे नाहीत. ते माझे आहेत."

आणि मग सगळ्यांच्या माना रौनाकडे वळल्या. आता कुठं तिला रीतीचा पुढचा भाग आठवला. मंडळी थांबली होती.

"ऐकलं," ती म्हणाली. आणि मग, जिभेला सवय असते म्हणून, "माफ केलं."

तिनं हात पुढे केला. गिदोनचा हात घामानं ओला होता आणि तळव्यावर, जिथं देठ धरला जातो तिथं, घट्टे पडले होते. हात धरून ती त्याला दाराकडे घेऊन निघाली. मागे गाणं सुरू झालं.

बाहेर मारुलाच्या झाडाखाली निळी सरकारी गाडी उभी होती. फेस्टुस आणि चार माणसं. दोघांच्या हातात मोपानी लाकडाचे सोटे, दोघांच्या हातात ताडाचे देठ, ताजे तोडलेले.

"मेमे, हात सोड त्याचा," फेस्टुस अगदी अदबीनं म्हणाला. "तुझ्याशी आमचं काही नाही. उलट तुझंच काम करतोय."

गिदोनची बोटं आवळली. गर्दीत हरवायला घाबरणारं लहान मूल धरतं तशी. तो नुसता तिच्याकडे बघत होता. आणि रौनानं, वीस वर्षं दुसऱ्यांच्या जखमा बांधणाऱ्या रौनानं, आपला दुसरा हात आणून त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि तीन पावलं मागे सरली.

पहिला सोटा गुडघ्यावर बसला. वाळलेली फांदी मोडावी तसा आवाज झाला आणि गिदोन एका बाजूला कलला. दुसरा कानावर. मग देठ सुरू झाले, पाठीवर, तोंडावर, तोंड झाकणाऱ्या हातांवर. त्याचा पांढरा सदरा आधी फाटला, मग लाल झाला. देवळाच्या दारात माणसांची चेंगराचेंगरी झाली. मागचे पुढे लोटत होते, पुढचे पाहून मागे हटत होते. नतनएल पाळक काळा झगा सावरत धावले आणि मधे पडले. त्यांच्या जबड्यावर सोट्याचा फटका बसला आणि ते रक्त नि दात थुंकत वाळूत बसले. लोइदे बायकांतून किंचाळत पुढे येत होती. एकानं तिला केसांना धरून फेकली, ती उठली, पुन्हा फेकली. गिदोन सरपटत रौनाच्या दिशेनं हातभर आला. तिथं त्याच्या डोक्यात सोटा बसला.

रौना मोजत होती. मोजायचं ठरवलं नव्हतं, ते आपोआप चाललं होतं. एकवीस झाले. तिला वाटलं होतं, एकवीसला काहीतरी फिटेल. काही फिटलं नाही, आणि ते थांबलेही नाहीत. पुढचं तिनं मोजलं नाही.

गाडी गेली तेव्हा गिदोनचा श्वास थांबला होता आणि तोंड ओळखू येत नव्हतं. रौना पुढे वाकली. नाडी बघायची सवय.

"हात लावू नकोस," लोइदे म्हणाली. तिनं नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. "तुझा हात पाहिला मी. लावू नकोस."

आता गंमत बघा. दुसऱ्या दिवशी, सोमवारी, वकील शेवटचं बघावं म्हणून पुन्हा आले, तर त्यांच्या टेबलापुढे चौतीस माणसं आली. मुखियाची भीती काल तिथं वाळूत सांडून गेली होती म्हणा, किंवा राग भीतीच्या वर गेला होता म्हणा. गिदोननं ज्यांची नावं घेतली होती ती माणसं एकामागून एक सदरे वर करून उभी राहिली. हिल्यामेमेनं तर वकिलांकडे पाठ फिरवली आणि म्हणाली, "नीट बघ रे बाबा, पुन्हा दाखवणार नाही." मुख्य कचेरीतून निरोप आला, की खटला उभा राहिला. बायका रौनाचे हात हातात घ्यायच्या. मेमे, हे तुझ्यामुळे झालं. तू त्याला बोलायला लावलंस म्हणून आम्हाला तोंड फुटलं. रौना हात सोडवून घ्यायची. तो सोडवून घेण्याचा प्रकार तिच्या लक्षात यायचा आणि ती हात पाठीमागे लपवायची.

महिन्यानं पुन्हा शुक्रवार आला. या खेपेला टेबलाशी पाळक स्वतः होते, जबडा फडक्यानं बांधलेला. रौना रांगेत उभी राहिली.

"माझं आहे वाकडं," तिनं प्रश्नाची वाट पाहिली नाही. "रविवारी उभी राहणार आहे."

पाळकांनी आजूबाजूला पाहिलं. तोंड उघडताना त्यांना दुखत होतं. "रौना, वेडी का काय? कोर्टात तुझा जबाब पहिला आहे. गिदोनला मुद्दाम मरायला उभं केलं असं तू म्हणालीस, तर त्यांचा वकील त्याचं काय करेल? थांब ना जरा. खटला होऊ दे."

"आणि तोवर मी पुढच्या बाकावर बसून भोजन घेऊ?"

"मला आत येऊन सांग. मी एकटा ऐकतो."

"पाळक," रौना म्हणाली, "गिदोनला मी आत जाऊ दिलं होतं का?"

त्यांनी तिचं नाव लिहिलं.

रविवारी ती उभी राहिली. तिसऱ्या बाकावर आता कोणीच बसत नव्हतं. लोइदे बायकांच्या बाजूला, खिडकीशी होती.

"मी रौना, योसेफची आई," ती म्हणाली, आणि तिला 'मोठ्यानं' असं कोणाला सांगावं लागलं नाही. "गिदोनला उघड्यावर बोलायला मी भाग पाडलं. पाळक नको म्हणत होते. त्याला मारतील हे मला ठाऊक होतं. मारावं, हीच माझी इच्छा होती. नियमाचं मी नुसतं नाव पुढे केलं. इथं मी माफ केलं म्हणाले, ते खोटं होतं. बाहेर त्यानं माझा हात घट्ट धरला होता. तो मी एकेक बोट करून सोडवला. फेस्टुसनं नाही, मी."

कोणीतरी "अगं मेमे!" म्हणालं. ज्यांनी महिनाभर तिचे हात धरले होते त्या बायका जमिनीकडे बघत होत्या. रौनाला रडू आलं आणि तिनं ते पुसलं नाही.

लोइदे उठली. खिडकीपासून वेदीपर्यंत यायला तिला फार वेळ लागला. समोर येऊन ती उभी राहिली. रीतीप्रमाणे पहिला हात लोइदेचा, पण रौनाचा हात आधीच पुढे झालेला होता.

"ऐकलं," लोइदे म्हणाली.

मंडळी दुसऱ्या शब्दासाठी थांबली. पाळक थांबले. लोइदे त्या पुढे केलेल्या हाताकडे बघत राहिली.

"दुसरा शब्द माझ्यापाशी नाही," ती शेवटी म्हणाली. "तुझ्यासारखा खोटा मी देणार नाही. आला की देईन."

रौनानं मान हलवली. हात खाली घेतला आणि मधल्या वाटेनं चालत ती शेवटच्या बाकापर्यंत गेली, जिथं गिदोन बसायचा. भोजन सुरू झालं. माणसं उठून पुढे जात होती, परत येत होती. तिथून वेदी फार लांब दिसत होती. तिनं डोळे मिटले.

बाक करकरला. कोणीतरी शेजारी उभं होतं.

"सरक थोडी," लोइदे म्हणाली.

रौना सरकली.